नऊ एकतीस: कायदा नेमका कधी, कुणाला आणि कशावर लागू होतो?

नेहमीसारखं, जे बोलले तेच इथे लिहून काढलंय. मध्ये दोनदा कुकरची शिट्टी झाली ती तेवढी गाळली. ज्यांना बसमध्ये ऐकता आलं नाही, त्यांनी वाचा. आणि हो, रेकॉर्डिंग जानेवारी २०२६ च्या पहिल्या आठवड्यातलं आहे. ही तारीख मी मुद्दाम सांगतेय, का ते पुढे कळेलच.

मी पुण्यात एका सीएंच्या ऑफिसात काम करते. परदेशातून येणारे पैसे, परदेशात जाणारे पैसे, एनआरआय लोकांचे रिटर्न, असले कागद दिवसभर माझ्या टेबलावर असतात. मी वकील नाही, त्यामुळे आज जे सांगणार आहे तो कुणाच्या केससाठी सल्ला नाही. पण गेल्या वर्षी आमच्या घरात एक गोष्ट घडली, आणि तेव्हापासून कुठल्याही कायद्याची बातमी वाचायची माझी पद्धत बदलली. ती गोष्ट आधी सांगते.

माझा मावसभाऊ न्यू जर्सीत असतो. मी त्याला दादा म्हणते. एच-वन-बीवर आहे, सात वर्षं झाली. त्याचे वडील, म्हणजे आमचे काका, त्याच्या आदल्या वर्षी गेले. २०२५ च्या सप्टेंबरात पितृपक्षासाठी तो वाईजवळ गावी आला होता. सर्वपित्री अमावास्या २१ सप्टेंबरला, रविवारी. मावशीचं म्हणणं एवढंच होतं, की निदान सर्वपित्रीला मुलानं स्वतः पान वाढावं.

शनिवारी पहाटे साडेचारला त्याचा फोन वाजायला लागला. अमेरिकेत तेव्हा शुक्रवारची संध्याकाळ होती. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी एका घोषणापत्रावर सही केली होती: एच-वन-बीसाठी एक लाख डॉलर. तेव्हाच्या भावानं साधारण ८८ लाख रुपये. त्याआधी कंपनीचा खर्च सगळी फी धरून काही हजार डॉलर असायचा. घोषणापत्र लागू होणार होतं रविवारी, वॉशिंग्टनच्या घड्याळात रात्री बारा वाजून एक मिनिटानं. म्हणजे आपल्याकडे रविवारी सकाळी नऊ एकतीस.

कंपनीच्या लीगल टीमचा मेल आला: अमेरिकेबाहेर असाल तर मुदतीच्या आत परत या. असे मेल त्या रात्री अनेक मोठ्या कंपन्यांनी पाठवले. टीव्हीवर अमेरिकेचे वाणिज्यमंत्री लुटनिक सांगत होते की ही रक्कम दरवर्षी भरावी लागेल. आता तुम्हीच सांगा, त्या मावशीच्या पडवीत बसून माणूस काय करेल?

आम्ही हिशेब केला. मुंबईहून न्यूयॉर्कचं थेट विमान पंधरा-सोळा तासांचं. म्हणजे शनिवारी पाच-साडेपाचपर्यंत विमानानं जमीन सोडलेली हवी. वाईहून मुंबई पाच तास. त्या वेळेचं थेट तिकीट मिळेना. जे मिळालं ते आखातात विमान बदलून, नेहमीच्या जवळजवळ चौपट भावात, आणि पोचायची वेळ मुदत उलटून गेल्यानंतरची. तरी त्यानं घेतलं. ‘दोन-तीन तासांच्या उशिरासाठी कुणीतरी ऐकून घेईल,’ असं म्हणाला. सकाळी आठला निघाला. मावशी काही बोलल्या नाहीत, फक्त डब्यात धपाटे भरून दिले.

तो अटलांटिकवर असताना, आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेल्यावर, व्हाइट हाउसच्या प्रवक्त्या लेविट यांचा खुलासा आला. रक्कम दरवर्षी नाही, एकदाच. ज्यांच्याकडे आधीपासून व्हिसा आहे त्यांना नाही, नूतनीकरणाला नाही, फक्त नव्या अर्जांना. अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्यानंही शनिवारीच लेखी कळवलं की २१ सप्टेंबरच्या आधी दाखल झालेल्या अर्जांना हे लागूच नाही. दादा उतरला, अधिकाऱ्यानं एकही जादा प्रश्न न विचारता आत सोडलं. इकडे काकांचं पान त्याच्या चुलतभावानं वाढलं.

आता कुणी म्हणेल, दादानं आधी नीट वाचायला हवं होतं. मीही तेव्हा तेच म्हणाले होते. नंतर ते घोषणापत्र मी बसून वाचलं. पाचेक पानांचं आहे. आणि खरं सांगू का, त्यातली भाषाच ढिली आहे. एका कलमात म्हटलंय की रक्कम भरल्याशिवाय ‘प्रवेश’ नाही. पुढच्या कलमात बोलणं सुरू होतं ‘अर्जां’बद्दल, आणि तेही अमेरिकेबाहेर असलेल्या लोकांच्या. प्रवेश म्हणजे विमानतळावरचा माणूस, अर्ज म्हणजे कंपनीनं टाकलेली फाइल. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ज्याची फाइल २०१८ साली मंजूर झाली पण जो आज वाईत बसलाय, तो आत की बाहेर? कागद त्याचं सरळ उत्तर देत नव्हता. त्यामुळे त्या दिवशी घाबरलेली माणसं मूर्ख नव्हती. लिहिणाऱ्यांनी घाई केली आणि तिची किंमत विमानतळावरच्या माणसांनी भरली.

पण त्या कागदात काही गोष्टी अगदी स्पष्टही होत्या, आणि त्या बातमीत कुठेच नव्हत्या. एक, हे सगळं बारा महिन्यांसाठी आहे, वाढवलं नाही तर आपोआप संपतं. दोन, हा संसदेनं केलेला नवा कायदा नाही. १९५२ च्या इमिग्रेशन कायद्यात कलम २१२ चं एक उपकलम आहे, ज्यात राष्ट्राध्यक्षांना परकीयांचा प्रवेश रोखायचा अधिकार दिलाय, त्याच्या आधारानं काढलेला आदेश आहे. २०१७ साली काही देशांच्या नागरिकांवर जी प्रवेशबंदी आली होती, तीही याच उपकलमातून. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी ती टिकवली. म्हणजे हे हत्यार जुनं आहे आणि कोर्टात तपासलेलं आहे. तेव्हा ‘कोर्ट उद्याच उडवून लावेल’ असं म्हणणाऱ्या व्हॉट्सॲप काकांवरही विश्वास ठेवायचं कारण नव्हतं. झालंही तसंच. अमेरिकेच्या चेंबर ऑफ कॉमर्सनं ऑक्टोबरात दावा लावला आणि डिसेंबरात वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयानं निकाल सरकारच्या बाजूनं दिला.

तेव्हापासून मी प्रत्येक बातमीला तीन प्रश्न विचारते. कुणाला? कधीपासून? कशावर? ऐकायला शाळकरी वाटतात. पण गेल्या वर्षभरातली जी-जी बातमी आपल्या ग्रुपवर ‘फॉरवर्डेड मेनी टाइम्स’ होऊन आली, ती या तीनपैकी एकातरी प्रश्नावर अडखळते.

एच-वन-बीच घ्या ना. ‘कुणाला’चं पूर्ण उत्तर यायला महिना लागला. २० ऑक्टोबरला इमिग्रेशन खात्यानं आणखी खुलासा केला: जो अमेरिकेतच आहे, समजा विद्यार्थी व्हिसावर मास्टर्स करतोय, आणि तिथेच राहून एच-वन-बीवर जातोय, त्याच्या अर्जाला एक लाख डॉलर नाहीत. जो हिंजवडीतून थेट जाणार, त्याच्या कंपनीला आहेत. बघा, एकाच कॉलेजातले दोघं, एकाच बॅचचे. एकानं कर्ज काढून मास्टर्स केलं, दुसरा इथेच नोकरीला लागला. आता दुसऱ्याला पाठवायचं तर कंपनीला ८८ लाख जास्त. माझ्या मते या आदेशाचा खरा परिणाम इथे आहे. व्हिसा बंद झालेला नाही, पण त्याकडे जाणारा रस्ता आता तिथल्या विद्यापीठाच्या फीमधून जातो.

आणि ज्यावर फारशी चर्चाच झाली नाही ती गोष्ट तर पुढेच आहे. एच-वन-बीच्या वर्षाला ८५ हजार जागा, अर्ज जास्त आले की लॉटरी. आजपर्यंत लॉटरीत सगळ्यांची चिठ्ठी एकेकच. डिसेंबरच्या शेवटी नवा नियम प्रसिद्ध झालाय, २७ फेब्रुवारी २०२६ पासून लागू. त्यानुसार पगाराच्या चार पातळ्यांप्रमाणे चिठ्ठ्या टाकायच्या. वरच्या पातळीवाल्याच्या चार, सगळ्यात खालच्या पातळीवाल्याची एक. फ्रेशर कुठल्या पातळीवर असतो ते मी सांगायला नको. म्हणजे जो मास्टर्स करून तिथेच थांबलाय आणि एक लाख डॉलरमधून सुटलाय, त्याच्या चिठ्ठीचं वजन इथे कमी झालं. एक लाखाच्या बातमीला ब्रेकिंग न्यूज मिळाली, या बातमीला आतल्या पानावर चार ओळी. तुमच्यापैकी जे यंदा स्प्रिंगला पास होतायत त्यांनी आधी हे वाचा.

बरं, आता माणसाकडून मालाकडे येऊ. कारण नऊ एकतीसची दुसरी गोष्ट मालाची आहे.

२०२५ ची गणेश चतुर्थी कधी होती आठवतंय? २७ ऑगस्ट. त्या दिवशी सकाळी, आपल्याकडे घरोघरी गुरुजींची वाट बघणं चालू असताना, बरोबर नऊ एकतीसला भारतीय मालावरचं अमेरिकेचं आयात शुल्क पन्नास टक्क्यांवर गेलं. तिथे तेच बारा वाजून एक मिनिट. आधीचे २५ टक्के ७ ऑगस्टपासून होते. वरचे २५ आपण रशियाचं तेल घेतो म्हणून.

ग्रुपवर मेसेज आला, ‘अमेरिकेने भारतावर ५० टक्के कर लावला’. हे वाक्य चूक नाही पण त्यात ‘कुणाला’ गायब आहे. कर भारत भरत नाही. अमेरिकेत जो व्यापारी माल उतरवून घेतो, तो तिथल्या कस्टमला भरतो. मग आपल्याला काय त्याचं? आहे ना. तो व्यापारी इकडच्या कारखानदाराला फोन करून म्हणतो, निम्मा भार तू उचल, नाहीतर ऑर्डर व्हिएतनामला देतो. अंधेरीच्या सीप्झमध्ये दागिन्यांचे कारखाने आहेत, निर्यातीवर चालणारे, आणि त्यांचं मोठं गिऱ्हाईक अमेरिका. तिथल्या कारागिराला टॅरिफचं बिल येत नाही. त्याला ओव्हरटाइम बंद झाल्याचं कळतं.

‘कशावर’ हा प्रश्न तर अजूनच गमतीचा. तुम्ही हे ज्यावर ऐकताय तो फोन या शुल्कात नाहीच. स्मार्टफोन आणि कॉम्प्युटर एप्रिलमध्येच वगळले होते. आपल्या जेनेरिक औषधांनाही वगळलेलं. सॉफ्टवेअरची सेवा तर माल नव्हेच, तिच्यावर आयात शुल्क बसत नाही. म्हणजे ‘भारतावर पन्नास टक्के’ या तीन शब्दांत भारतात जुळवलेला आयफोन नाही, गोळ्यांची स्ट्रिप नाही, हिंजवडीतला कोड नाही. आहे ते कापड, कोळंबी, दागिने, चामडं. ज्यात हात जास्त लागतात तेच नेमकं.

आणि ‘कधीपासून’. हा भाग मला फार आवडतो, म्हणजे कागद म्हणून आवडतो, परिणाम म्हणून नाही. आदेशात सवलत होती: २७ ऑगस्टच्या त्या वेळेआधी माल जहाजावर चढून वाटेला लागला असेल तर वरचे २५ टक्के नाहीत. आमच्या ऑफिसात एक छोटे निर्यातदार आले होते. खूश होते. म्हणाले, ‘मॅडम, आमचा कंटेनर २४ तारखेला न्हावा शेवाला चढला, सुटलो आपण.’ मी ते वाक्य त्यांना पुढे वाचून दाखवलं. सवलतीला दोन अटी होत्या, आणि मधला शब्द होता ‘आणि’. माल २७ ऑगस्टआधी चढलेला हवा, आणि १७ सप्टेंबरआधी अमेरिकेच्या कस्टममध्ये दाखल झालेला हवा. न्हावा शेवाहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला बोट साधारण महिन्यानं पोचते. २४ ऑगस्ट अधिक महिना म्हणजे किती? ते गप्पच बसले. त्यांनी व्हॉट्सॲपवर अर्धं वाक्य वाचलं होतं, पूर्ण वाक्य समुद्रात होतं. ती सवलत खरं तर त्यांच्यासाठी होती ज्यांची बोट तेव्हा अर्ध्या वाटेवर पोचली होती. सरांनी त्यांना चहा पाजला, दुसरं काय करणार.

मालाबद्दल आणखी एकच, कारण याच्यावर मला सगळ्यात जास्त मेसेज आलेत. दिवाळीचा फराळ.

अमेरिकेत एक जुनी सोय होती. ८०० डॉलरपर्यंतचं पार्सल असलं तर शुल्क नाही, फारसे कागद नाहीत. २९ ऑगस्ट २०२५ पासून ती सगळ्या देशांसाठी बंद झाली. पण भेटवस्तूंची वेगळी सवलत राहिली: खरीखुरी भेट, १०० डॉलरपर्यंत, शुल्क नाही. १०० डॉलर म्हणजे तेव्हाचे ८८०० रुपये. एवढ्या किमतीच्या चकल्या खाणारा भाचा माझ्या तरी पाहण्यात नाही. म्हणजे कायद्यानं मावशीच्या डब्याला हात लावलेला नव्हता.

तरी डबा जात नव्हता! कारण आपल्या टपाल खात्यानं २५ ऑगस्टपासून अमेरिकेची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं, आणि महिनाअखेरीस तर सगळंच. त्याचं कारण वेगळं होतं. नव्या पद्धतीत शुल्क आधीच गोळा करून अमेरिकेला पोचवायचं, पण ते कुणी गोळा करायचं, कसं भरायचं, याची यंत्रणाच तयार नव्हती. विमान कंपन्या टपाल घ्यायला तयार नव्हत्या. म्हणजे कायद्यात मुभा आणि खिडकीवर कुलूप. १५ ऑक्टोबरला, दिवाळीच्या तोंडावर, सेवा पुन्हा सुरू झाली. आता पार्सल भेट नसेल तर जाहीर केलेल्या किमतीच्या पन्नास टक्के शुल्क बुकिंगच्या वेळीच इथे भरायचं. मावशींनी तोवर खासगी कुरिअरनं पाठवून टाकलं होतं. कुरिअरचे पैसे ऐकून त्या म्हणाल्या, ‘एवढ्यात तर मीच जाऊन तळून आले असते.’

माणूस झाला, माल झाला. राहिला पैसा.

परवा, १ जानेवारी २०२६ पासून, अमेरिकेतून बाहेर पैसे पाठवण्यावर एक टक्का कर सुरू झाला. याची कथा मे महिन्यात सुरू झाली होती. त्या वेळी मसुद्यात होते पाच टक्के, आणि तेही फक्त अमेरिकेचे नागरिक नसलेल्यांवर. प्रतिनिधीगृहानं मंजूर करताना साडेतीन केले. सिनेटनं एक टक्का केला, नागरिक आणि बिगरनागरिक हा भेद काढला, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ‘कशावर’ हेच बदलून टाकलं. ४ जुलैला सही झालेल्या कायद्यात कर आहे तो रोख रक्कम, मनी ऑर्डर, कॅशिअर्स चेक, असं काही काउंटरवर देऊन पैसे पाठवले तर. अमेरिकेतल्या बँक खात्यातून किंवा तिथल्या डेबिट-क्रेडिट कार्डवरून पाठवले तर शून्य.

आता आपल्यासाठी हे किती मोठं आहे बघा. २०२३-२४ मध्ये परदेशातल्या भारतीयांनी जवळपास ११९ अब्ज डॉलर मायदेशी पाठवले. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीत त्यातला सगळ्यात मोठा वाटा अमेरिकेचा, सुमारे २८ टक्के. आणि राज्यांत पहिला क्रमांक महाराष्ट्राचा, साडेवीस टक्के, केरळच्याही जरा पुढे. त्यामुळे ‘पाच टक्के कापणार’ ही बातमी मे महिन्यात आमच्या ऑफिसात वादळासारखी आली. गंमत म्हणजे डिसेंबरातही लोक तीच मे महिन्याची बातमी घेऊन येत होते! एका काकूंनी मुलाला सांगून पुढच्या अख्ख्या वर्षाचे पैसे डिसेंबरातच मागवले. मुलगा बिचारा नवीन घराच्या हप्त्यांत अडकलेला, त्यानं मित्राकडून उसने घेऊन पाठवले. पैसे आले बँक खात्यातूनच. ज्यावर कर नव्हताच. काकूंना मी समजावलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, ‘मग पेपरात पाच टक्के का छापलं होतं?’ छापलं होतं ते खरंच होतं, काकू, पण ते मे महिन्यातलं खरं होतं.

मग हा कर भरतं कोण? ज्याच्याकडे बँक खातं नाही तो. हॉटेलात भांडी घासणारा, शेतात रोजंदारीवर फळं तोडणारा, शुक्रवारी हातात पगार घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानातून मेक्सिकोला किंवा ग्वातेमालाला आईला पैसे पाठवणारा. शंभर डॉलरला एक डॉलर. आपण सुटलो म्हणून हा प्रश्न सुटला असं मला वाटत नाही, पण आपल्यावर आहे असं सांगत फिरणंही बरोबर नाही.

उलट दिशेचं पटकन सांगते, कारण पुढच्या महिन्यांत बरेच जण फी भरणार आहात. इथून परदेशात पैसे पाठवताना बँक टीसीएस कापते. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाखांपर्यंत काहीच कापत नाहीत, आधी ही मर्यादा ७ लाख होती. मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून फी जात असेल तर टीसीएस शून्य. स्वतःच्या पैशातून शिक्षणासाठी १० लाखांच्या वर गेलात तर वरच्या रकमेवर पाच टक्के. आणि हे नीट ऐका, हा वेगळा कर नव्हे. ही आगाऊ कापलेली रक्कम आहे, रिटर्न भरलं की तुमच्या करात वळती होते किंवा परत मिळते. मात्र ज्याच्या पॅनवरून पैसे गेले त्याच्याच नावावर ती जमा दिसते. बाबांच्या खात्यातून फी गेली आणि रिटर्न तुम्ही भरलं, तर तुमच्या रिटर्नमध्ये ते पैसे दिसणार नाहीत. दर वर्षी जुलैत निदान पाच-सहा मुलं हा घोळ घेऊन येतात.

आता ‘कधीपासून’च्या आधीचा एक प्रश्न आहे, तो म्हणजे, मुळात कायदा झालाय का? सप्टेंबरात आयटीवाल्या ग्रुपांवर फिरत होतं, ‘अमेरिकेने आउटसोर्सिंगवर २५ टक्के कर लावला’. लावला नव्हता. मोरेनो नावाच्या एका सिनेटरनं विधेयक मांडलं होतं. तिकडे प्रत्येक काँग्रेसच्या काळात हजारो विधेयकं मांडली जातात, कायदा होतात त्यातली थोडीच. तसंच विद्यार्थी व्हिसाला चार वर्षांची मर्यादा, हा ऑगस्टात आलेला प्रस्ताव आहे, त्याचा अंतिम नियम आलेला नाही. आणि भारत-ब्रिटन व्यापार करार? २४ जुलैला सह्या झाल्या, पेढे वाटून झाले, पण लागू व्हायचा आहे. त्यात तात्पुरत्या कामासाठी ब्रिटनला गेलेल्या भारतीय कर्मचाऱ्याला तिथली सामाजिक सुरक्षेची वर्गणी तीन वर्षं भरावी लागणार नाही अशी सोय वेगळ्या कराराने ठरली आहे. माझी एक मैत्रीण लंडनला आहे, तिनं ऑगस्टात पेस्लिप बघून मला विचारलं, ‘अजून का कापतायत गं?’ सही झाली म्हणजे सुरू झालं, असं तिला वाटलं होतं. सहीची तारीख आणि लागू व्हायची तारीख यांच्यात कधी एक रात्र असते, कधी वर्ष.

आणि लागू झालं तरी ते टिकेलच असंही नाही. त्या पन्नास टक्क्यांचा आधार आहे १९७७ चा एक कायदा, आणीबाणीत राष्ट्राध्यक्षांना आर्थिक अधिकार देणारा. त्यात ‘शुल्क’ हा शब्दच नाही. मे महिन्यात व्यापार न्यायालय म्हणालं, या कायद्याखाली असं शुल्क लावता येत नाही. ऑगस्टच्या शेवटी अपील कोर्टही सात विरुद्ध चार मतांनी तेच म्हणालं. तरी वसुली चालूच राहिली, कारण प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ५ नोव्हेंबरला सुनावणी झाली, मी हे रेकॉर्ड करतेय तोवर निकाल आलेला नाही. म्हणूनच सुरुवातीला तारीख सांगितली. तुम्ही हे मार्चमध्ये ऐकत असाल तर माझं हे वाक्य शिळं झालेलं असू शकतं, तेव्हा आधी निकाल शोधा आणि मग मला कमेंटमध्ये सुनवा.

मूळ कागद कुठे वाचायचे असं बऱ्याच जणांनी विचारलंय. व्हाइट हाउसच्या साइटवर आदेश पूर्ण मिळतात. अमेरिकेचं फेडरल रजिस्टर रोज निघतं, फुकट आहे, आपल्या राजपत्रासारखं. इमिग्रेशन खात्याची साइट आहे, आपल्याकडे आयकर खात्याची आहे. इंग्रजी जड जातं हे मान्य आहे. पण सगळं नका वाचू. शेवटून सुरुवात करा. लागू होण्याची तारीख, अपवाद आणि व्याख्या बहुतेक वेळा मागच्या पानांवर असतात. मी दादाच्या वेळी वरून वाचायला घेतलं होतं. पहिली दोन पानं नुसती कारणं होती, आणि तोवर तो खंबाटकी घाट उतरलासुद्धा होता.

दादाचा परवा फोन आला होता. त्याच्या पासपोर्टवरचा शिक्का यंदा संपतोय, म्हणजे पुढच्या वेळी इकडे आला की मुलाखत देऊनच परत जायचं. १५ डिसेंबरपासून एच-वन-बीवाल्यांची सोशल मीडिया खातीही तपासायला सुरुवात झालीये. त्यामुळे डिसेंबरातल्या कितीतरी जणांच्या मुलाखती पुढे ढकलल्या, काहींच्या थेट मार्चच्याही पुढे. त्याच्या ऑफिसातला एक जण नागपुरात अडकून रात्री जागून काम करतोय.

त्यानं विचारलं, ‘यंदा सर्वपित्री कधी आहे गं?’

यंदा अधिक महिना, म्हणून उशिरा. मी भिंतीवरचं कॅलेंडर उलटून बघितलं. १० ऑक्टोबर, शनिवार.

‘आणि ते घोषणापत्र?’

‘वाढवलं नाही तर २१ सप्टेंबरला संपतं. पण ते तुला लागूच नाही, दादा.’

‘माहितीये,’ तो म्हणाला. ‘तिकीट रिफंडेबलच काढतो यंदा. आईला इतक्यात काही सांगू नकोस.’